उगवता चंद्र बघायचा कसा: तांबडेपणा, खळं, तेजोवलय आणि रात्रीचं इंद्रधनुष्य

कोल्हापूरच्या करवीर तालुक्यात आमचा ऊस आहे आणि शेतीपंपाची वीज काही दिवस दिवसा, तर काही दिवस रात्री येते. रात्रीच्या पाळीला दारं धरायला शिवारात जावंच लागतं. पाणी एका सरीतनं पुढं सरकेपर्यंत बांधावर थांबायचं आणि समोर पूर्वेला आभाळ बघायचं. बी.एस्सी.ला शिकलेलं प्रकाशशास्त्र मला खऱ्या अर्थानं इथं कळलं. गावातली पोरं विचारतात, पाहुणे विचारतात: चंद्र आज एवढा तांबडा का, एवढा मोठा का, खळं कशानं पडलं? एकदा नीट लिहून ठेवतो.

आधी एक गोष्ट मनाशी धरा. चंद्र स्वतः काही रंग बदलत नाही. तो आणि आपण यांच्यामध्ये जे काही असतं, धूळ, धूर, पाण्याचे थेंब, बर्फाचे कण, त्याची ही सगळी करणी. म्हणून बघताना दर वेळी एकच प्रश्न विचारायचा: आज मधे काय आहे?

हाताचं माप

साहित्य काही लागत नाही, हात पुरतो. हात पूर्ण ताणून समोर धरा. करंगळीची रुंदी म्हणजे आभाळात साधारण एक अंश. मधली तीन बोटं जुळवली की पाच अंश. मूठ म्हणजे दहा अंश. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ताणलेली वीत म्हणजे वीस-बावीस अंश. लहान मुलाचा हात लहान, पण तो डोळ्यालाही जवळ असतो, त्यामुळं त्याचंही माप जवळपास तेवढंच येतं. अख्खा चंद्र अर्ध्या अंशाचा, म्हणजे करंगळीआड दोन चंद्र शेजारी-शेजारी लपतील. हे माप हाताला बसलं की पुढचं निम्मं काम झालं, कारण कुठलं कडं कशाचं आहे ते त्याच्या आकारावरून ठरतं.

तिथी, वेळ आणि दिशा

काय बघायचं आहे त्यावर तिथी निवडा. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या आगेमागे उगवतो, आणि पुढं रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा. संकष्टीला म्हणूनच साधारण साडेआठ ते दहाच्या दरम्यान वाट बघावी लागते. संधिप्रकाशातले रंग बघायचे तर चतुर्दशी आणि पौर्णिमा. काळ्या आभाळात खळं किंवा रात्रीचं इंद्रधनुष्य हवं असेल तर वद्य द्वितीया-तृतीया. माझ्या मते वद्य द्वितीया सगळ्यांत सोयीची: जेवणाआधी अंधार पडलेला असतो, चंद्र अजून भरलेला असतो, आणि पौर्णिमेसारखी घाई होत नाही.

कॅलेंडरात छापलेली चंद्रोदयाची वेळ कोणत्या गावाची आहे ते बघून घ्या. कोल्हापूर मुंबईच्या पूर्वेला जवळपास दीड अंश आहे. नुसत्या रेखांशानं पाच-सहा मिनिटांचा फरक पडतो, आणि अक्षांशामुळं ऋतूनुसार त्यात कमीजास्त होतं. शिवाय छापलेली वेळ सपाट क्षितिजाची असते. तुमच्या पूर्वेला टेकडी किंवा इमारत असेल तर करंगळीनं तिची उंची मोजा आणि प्रत्येक करंगळीमागं चार-साडेचार मिनिटं वाढवा. मूठभर उंच डोंगर असला तर चंद्र पाऊण तास उशिरा दिसणार. तोवर तो वर आलेला असतो आणि तांबडेपणा गेलेला असतो.

दिशेचं कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. अंबाबाईच्या देवळात ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर असा वर्षातून दोनदा किरणोत्सव होतो, कारण मावळणारा सूर्य वर्षभर क्षितिजावर सरकत असतो आणि त्या दिवसांत महाद्वाराच्या रेषेत येतो. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो, म्हणून तो उलटा सरकतो. थंडीत सूर्य नैर्ऋत्येकडं मावळतो, तेव्हा पौर्णिमेचा चंद्र ईशान्येकडं उगवतो. ज्येष्ठात तो आग्नेयेकडं गेलेला असतो. पौषातली जागा आणि ज्येष्ठातली जागा यांत अडीच-तीन वितींचं अंतर पडतं. चंद्राची ही धाव १८.६ वर्षांच्या चक्रात कमीजास्त होते. २०२४-२५ मध्ये ती सर्वांत लांब होती. थंडीत एखाद्या ठिकाणाहून नारळाच्या झाडांमधून चंद्र उगवताना दिसला म्हणून उन्हाळ्यात तिथंच जाऊन उभं राहू नका.

शहरात राहणाऱ्यांनी रंकाळ्याच्या पश्चिम काठाला, शालिनी पॅलेसच्या बाजूला जावं. तिथून पूर्वेला पाणी आणि पलीकडं शहर येतं. दिव्यांचा त्रास होतो, पण पाण्यावर पडणारा चंद्राचा लांब पट्टा तिथंच बघावा. पाणी हलत असेल तर पट्टा लांबतो, निवांत असेल तर आखडतो. पन्हाळ्यावरून पूर्वेला जोतिबाचा डोंगर आणि त्याच्या बाजूला सगळी सपाटी दिसते. गड सपाटीपेक्षा चारशे मीटर उंच, त्यामुळं डोंगर आडवा येत नाही त्या बाजूला चंद्र खालच्या माणसापेक्षा दोनेक मिनिटं आधी दिसतो. बाकी कुठल्याही गावच्या पूर्वेचं उघडं शिवार पुरे.

पहिली दोन मिनिटं

पौर्णिमेला सूर्य मावळून पाचेक मिनिटं झाली की पाठ पश्चिमेकडं करा. पूर्वेला क्षितिजाला टेकून निळसर राखाडी पट्टा दिसेल आणि त्याच्यावर गुलाबी पट्टा. खालचा राखाडी पट्टा म्हणजे हवेवर पडलेली पृथ्वीची सावली. वरचा गुलाबी म्हणजे मावळलेल्या सूर्याचा तांबूस उजेड अजून ज्या हवेला लागतोय ती. सावली हळूहळू वर चढते आणि पंधरा-वीस मिनिटांत दोन्ही पट्टे रात्रीत मिसळून जातात. पौर्णिमेचा चंद्र बहुतेक वेळा त्या राखाडी सावलीतनं वर येतो. चतुर्दशीचा चंद्र सूर्यास्ताला मूठभर वर असतो, बरोबर गुलाबी पट्ट्याच्या उंचीवर. हे दृश्य लोक चुकवतात, कारण सूर्यास्ताला सगळ्यांची तोंडं पश्चिमेला असतात.

चंद्राची वरची कड दिसल्यापासून अख्खी चकती बाहेर यायला दोन मिनिटांच्या जरा वर लागतात. एवढ्या वेळात तीन गोष्टी बघा.

पहिली, आकार. चंद्र गोल नसतो, खालून-वरून चेपलेला असतो. क्षितिजाजवळची हवा प्रकाश वाकवते, आणि खालच्या कडेचा उजेड वरच्या कडेपेक्षा जास्त वाकतो, म्हणून खालची कड जास्त वर उचललेली दिसते. उंची रुंदीच्या एक षष्ठांशानं कमी भरते. हे वाकणं क्षितिजावर अर्ध्या अंशाहून थोडं जास्त असतं आणि चंद्र अर्ध्या अंशाचा. म्हणजे चंद्राची खालची कड क्षितिजाला टेकलेली तुम्ही बघता, तेव्हा हवा नसती तर तो अख्खा क्षितिजाखाली असता. मला हे दर वेळी नवं वाटतं. दुर्बीण असेल तर कडा बघा: पाण्यातल्यासारख्या थरथरतात, आणि थंडीच्या संध्याकाळी जमिनीलगत गार हवेचा थर बसलेला असेल तर कडेला पायऱ्या पडलेल्या दिसतात.

दुसरी, रंग. डोक्यावरच्या चंद्राचा उजेड जेवढ्या हवेतनं येतो, त्याच्या सुमारे चाळीसपट हवा क्षितिजावरच्या चंद्राला ओलांडावी लागते. हवेचे रेणू निळा प्रकाश तांबड्याच्या चौपटीहून जास्त विखुरतात. वाटेत निळा गळत जातो आणि तांबडा-नारंगी तेवढा उरतो. यात धूळ-धुराची भर पडली की चंद्र तांबडाबुंद होतो. आमच्याकडं गळीत हंगामात गुऱ्हाळांचा, कारखान्यांचा धूर असतो, कुणी उसाचं पाचट पेटवतं, फाल्गुन-चैत्रात वर धूळही असते. चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा असते. त्या सुमाराचा चंद्र मला वर्षातला सगळ्यांत तांबडा वाटतो. उलट कोजागिरीला पावसानं हवा धुतलेली असते, चंद्र थोडा वर आला की लगेच पिवळा आणि मग पांढरा होतो. तांबडेपणा किती उंचीपर्यंत टिकला ते मुठीनं मोजा: एका मुठीवर चढूनही नारंगीच असेल तर हवेत बरंच काही आहे. (पाचट पेटवू नका, सरीत कुजवा. जमिनीसाठीही सांगतो आणि आभाळासाठीही.)

असाच तांबडा रंग खग्रास ग्रहणात येतो, पण तिथं पृथ्वीभोवतीच्या सगळ्या हवेतनं गळून आलेला उजेड चंद्रावर पडलेला असतो. ३१ जानेवारी २०१८ ला कोल्हापुरात चंद्र ग्रस्तोदित होता, उगवला तोच खग्रास अवस्थेत. किरणोत्सवाचा पहिला दिवस आणि ही तारीख एकच. संधिप्रकाशात असा चंद्र सुरुवातीला सापडतच नाही, म्हणून ग्रस्तोदित चंद्रासाठी दिशा आधी मापून ठेवावी.

तिसरी, मोठेपणा. उगवता चंद्र परातीएवढा वाटतो. करंगळी लावा: तेवढाच आहे. तास-दोन तासांनी पुन्हा लावा: तेवढाच. खरं तर क्षितिजावर तो कणभर लहान असतो, कारण डोक्यावर आल्यावर आपण पृथ्वीच्या त्रिज्येएवढे, सहा हजार किलोमीटरच्या वर, त्याच्या जवळ गेलेले असतो. वहीच्या कागदाची नळी करून तिच्यातनं बघा. घरं, झाडं, डोंगर नजरेआड झाले की मोठेपणा तिथल्या तिथं उतरतो. हा खेळ डोळ्यांमागच्या मेंदूचा, हवेचा त्यात हात नाही. मुलांना हे जरूर करून दाखवा.

दोन प्रकारची कडी

खरी मजा इथं आहे. चंद्राभोवती काहीही गोल दिसलं की आपण खळं म्हणतो, पण ती दोन अगदी वेगळी कामं आहेत, आणि वेगळेपण हातानं मोजता येतं.

पहिलं लहान, रंगीत. चंद्राला चिकटून पांढरट-निळसर तेज, त्याच्या बाहेरच्या कडेला तपकिरी तांबूस झाक, आणि नशीब असेल तर त्याच्याबाहेर पुन्हा निळं, हिरवं, तांबडं कडं. हे सगळं बहुतेक तीन बोटांच्या आत, फार तर मुठीएवढं. याला तेजोवलय म्हणू. हे पाण्याच्या बारीक थेंबांचं काम. थेंब मिलिमीटरच्या पन्नासाव्या-शंभराव्या भागाएवढे असतात, आणि प्रकाशाच्या लाटा त्यांच्या कडेवरून जाताना पसरतात. थेंब जितका बारीक तितकं कडं मोठं. सगळे थेंब एकसारखे असले की रंग स्वच्छ, लहानमोठे मिसळले की नुसता मळकट पांढरा गोळा. म्हणून पातळ, नुकत्या जमलेल्या ढगाच्या कडेला रंग सुरेख असतात. ढगाचा तुकडा चंद्रासमोरून सरकत असताना नजर हलवू नका. मध्यभागी मोठे थेंब आणि कडेला बारीक, त्यामुळं वलय डोळ्यांदेखत लहानमोठं होतं.

हे घरीही करून बघता येतं. खिडकीची स्वच्छ काच घ्या, तिच्यावर तोंडानं हलकी वाफ सोडा आणि त्यातनं चंद्र बघा. लगेच रंगीत वलय उमटतं. पहिल्या क्षणी ते मोठं आणि स्पष्ट असतं. काच सुकायला लागते तसे रंग आधी कडेनं विरघळतात, मग चंद्राजवळचा पांढरा उजेड तेवढा राहतो आणि तोही जातो. थंडीत, मार्गशीर्षात, पाणी पाजलेल्या सऱ्यांवर रात्री धुकं उठतं, त्याच्यातनं उगवणाऱ्या चंद्राला असंच वलय पडतं. त्यासाठी आभाळात ढग लागत नाही. ढग आपल्या पिकावरच बसलेला असतो. चष्मा लावणाऱ्यांनी मात्र एकदा चष्मा काढून खात्री करावी, काच ओलसर असली तर वलय चष्म्याचंच असतं.

दुसरं मोठं. चंद्रापासून बरोबर एक वीत अंतरावर बारीक पांढरं कडं, आतलं आभाळ बाहेरच्यापेक्षा काळं. अंगठा चंद्रावर ठेवा, करंगळीचं टोक कड्यावर येईल. हे खरं खळं, बर्फाचं. आठ-दहा किलोमीटर उंचीवरच्या पातळ पडद्यासारख्या ढगात षटकोनी बर्फाचे कण असतात. प्रकाश एका बाजूनं शिरून मधली एक बाजू सोडून पुढच्या बाजूनं बाहेर पडतो. त्या दोन बाजूंत साठ अंशांचा कोन असतो, म्हणजे कण लोलकाचं काम करतो आणि प्रकाशाला निदान २२ अंश वळवतो. त्याहून कमी वळणाचा उजेड येतच नाही, म्हणून आतली बाजू रिकामी आणि काळसर. रंग दिसलाच तर आतल्या कडेला तांबूस. तेजोवलयात तांबडं बाहेर, खळ्यात तांबडं आत; शंका आली की हे बघायचं. नुकत्या उगवलेल्या चंद्राला अर्धंच खळं असतं, कमानीसारखं, आणि चंद्र वीतभर वर आला की ते पुरं होतं. कड्याची खालची बाजू दिसली नाही म्हणून घरी जाऊ नका, दीड तास थांबा.

खळं दिसलं की चंद्राच्याच उंचीवर डावीकडं आणि उजवीकडं, कड्यावर किंवा त्याच्या जरा बाहेर, उजेडाचे ठिपके शोधा. हे उपचंद्र. चपट्या षटकोनी चकत्या हवेत आडव्या तरंगत असल्या की होतात, आणि चंद्र खाली असतानाच बरे दिसतात. दोन्ही बाजू क्वचितच मिळतात. उजेड कमी असतो, म्हणून चंद्र झावळीच्या किंवा खांबाच्या आड घालून बघा. वलय आणि खळं बघायलाही हीच युक्ती.

आमचे वडील म्हणायचे, खळं जवळ तर पाऊस लांब, खळं लांब तर पाऊस जवळ. त्यात तथ्य आहे. लांबचं खळं बर्फाच्या उंच पडद्याचं, आणि असा पडदा कधीकधी मोठ्या पावसाळी ढगांच्या पुढं पसरत येतो. वैशाखात वळवाच्या ढगांचे माथे पसरूनही तो तयार होतो, तेव्हा शेजारच्या तालुक्यात पाऊस पडून गेलेला असतो आणि आपल्याकडं नुसतं खळं. म्हणजे खळ्यावर भरवसा ठेवून पेरणीचा बेत ठरवू नये, पण दुर्लक्षही करू नये.

रात्रीचं इंद्रधनुष्य

हे सगळ्यांत अवघड, आणि चंद्रोदयानंतरचीच वेळ त्याला लागते. चंद्राकडं पाठ करायची. समोर पश्चिमेला पाऊस हवा आणि मागं पूर्वेला आभाळ उघडं. धनुष्य चंद्राच्या बरोबर समोरच्या बिंदूभोवती ४२ अंशांवर पडतं, म्हणून चंद्र चार मुठींच्या खाली हवा. उगवल्यापासून सुमारे तीन तास हातात असतात. चंद्र जितका खाली तितकी कमान उंच. आपला जिल्हा यासाठी चांगला आहे: पश्चिमेला गगनबावडा, राधानगरीकडं सर चालू असते तेव्हा पूर्वेकडं कधीकधी उघडीप असते. भर जुलैत आभाळ बंदच असतं. १६६० साली आषाढ पौर्णिमेच्या रात्री महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटले ते भर पावसात. अशा रात्री चंद्र दिसत नाही, नुसतं आभाळ राखाडी उजळतं. धनुष्यासाठी भाद्रपद-आश्विन धरा, परतीच्या सरी येतात तेव्हा, आणि पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस.

पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या चार लाखाव्या भागाएवढा उजेड देतो, त्यामुळं डोळ्याला धनुष्य पांढरट धुरकट कमानीसारखं दिसतं. त्या उजेडात डोळ्याला रंग नीट कळत नाहीत. कॅमेऱ्याला कळतात. अंधारात वीस-पंचवीस मिनिटं थांबून डोळे सरावू द्या आणि मोबाईलचा पडदा बंद ठेवा. धबधब्यावर असं धनुष्य बघायला रात्री कुणी जाऊ नये. शेवाळलेल्या दगडावर पाय ठरत नाही, आणि राधानगरीच्या बाजूला रस्त्यावर गवे उतरतात.

फोटो आणि वही

उगवता चंद्र मोबाईलवर घ्यायचा तर पडद्यावर चंद्राला बोट लावून उजेड खाली ओढा, नाहीतर नुसता पांढरा ठिपका येतो. कॅमेरा असेल तर दोनशे मिलिमीटरच्या वरची लेन्स, तिवई, आयएसओ दोनशे-चारशे, आणि शटर सेकंदाच्या तिसाव्या भागापासून सुरू करून चंद्र वर चढेल तसं जलद. खळ्याला उलट रुंद लेन्स, आयएसओ आठशेच्या पुढं, पाच ते दहा सेकंद. धनुष्याला पंधरा ते तीस सेकंद. वलयाचे दोन फोटो घ्या, एक चंद्र झावळीआड घालून.

उसात किंवा गवतात उभं राहायचं तर बूट घाला आणि पाय टाकण्याआधी बॅटरी मारा. घोणस उजेड पडल्याशिवाय दिसत नाही.

आणि एक साधी वही ठेवा. तिथी, वेळ, चंद्र किती मुठी वर होता, तांबडा कुठवर टिकला, कडं बोटांचं होतं की वितीचं, ढग कसला होता. खळं असेल तर पुढच्या दोन दिवसांच्या जागा कोऱ्या सोडा आणि पाऊस आला की नाही, कुठल्या बाजूनं आला, ते नंतर भरा. आपापल्या गावाची अशी वही असली तर वडिलांचं ते म्हणणं आपल्या शिवारात किती खरं उतरतं ते आपलं आपल्याला ठरवता येईल.